ओरखडा

तसबिरीची काच कापणाऱ्या कारागिराला कधी नीट निरखून पाहिले आहे काय? दिवाळीच्या आधी घरोघर साफसफाई निघते, भिंतीवरची एखादी जुनी तसबीर खाली उतरते, तिच्या काचेला गेलेला तडा ध्यानात येतो, आणि मग ती बगलेत मारून आपण त्याच्या दुकानी जातो. तो हातभर लांबीची काच जुन्या कापडावर आडवी ठेवतो, लाकडी पट्टी लावतो आणि हिरकणीच्या लेखणीने तिच्यावर एकच रेघ ओढतो. कर्रर असा बारीक आवाज होतो. रेघ इतकी उथळ, की तिच्यावरून बोट फिरवले तर जेमतेम लागावी. मग तो काच टेबलाच्या कडेवर धरतो, अंगठ्यांनी किंचित दाबतो, आणि टक्क! काच त्या रेघेवरून अशी सरळ वेगळी होते, की जणू ती मुळातच दोन तुकड्यांची होती.

आपण म्हणतो, त्याने काच कापली. वास्तविक त्याने काही कापले नाही. त्याने काचेला एक ओरखडा काढला. उरलेले काम काचेने स्वतःच केले!

कापडाच्या दुकानातही हाच प्रकार. मांजरपाटाचा तुकडा हवा असला की दुकानदार काठाला कात्रीने चिमूटभर छेद देतो आणि टर्रकन कापड फाडतो. तो छेद नसता तर दोन पैलवानांनी दोन टोके धरून ओढली असती तरी कापड बधले नसते. सगळा जोर त्या चिमूटभर छेदाच्या टोकाशी जाऊन एकवटतो आणि तिथला एकेक धागा एकट्याने तो सोसू पाहतो. एक तुटला की पाळी पुढच्याची.

या चिमूटभर छेदाची, या ओरखड्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती काचेची गोष्ट आहे, आणि माणसाने काचेला मजबूत करण्यासाठी केलेल्या खटाटोपाची आहे.

काच म्हणजे ठिसूळ, हे आपण इतके गृहीत धरून चाललो आहोत, की आपल्या भाषेतही ते मुरून बसले आहे. बांगडी फुटली असे आपल्या घरांत कोणी म्हणत नाही. बांगडी ‘वाढवली’ असे म्हणतात. अशुभ शब्द तोंडावाटे जाऊ नये म्हणून बायकांनी योजलेली ही युक्ती. पण जी वस्तू फुटायचीच, तिच्यासाठीच असा शब्द राखून ठेवावा लागतो. काच फुटणार, हा तिचा स्वभाव आणि स्वभावाला औषध नाही, अशी आपली समजूत. ती समजूत खरी नाही, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

काचेचा धागा काढता येतो, हे फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधले कारागीर काचेच्या कुप्या घडवत आणि त्यांच्यावर रंगीत काचेचे तापलेले धागे गुंडाळून लाटांसारखी नक्षी उठवत. पण तो धागा शोभेचा. त्याच्या बळाचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

१८८७ साली लंडनमध्ये चार्ल्स व्हर्नन बॉइज नावाच्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला अत्यंत नाजूक मापनाच्या उपकरणांसाठी फार बारीक धागा हवा होता. रेशीम त्याच्या कामाचे नव्हते. ते पिळले की पुरते पूर्वस्थितीला येत नसे. त्याने एक आडवे धनुष्य घेतले, बाणाच्या शेपटाला काचेचा किंवा गारेचा कण चिकटवला, तो ज्योतीवर वितळवला आणि बाण सोडला! बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याच्यामागे कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागा ओढला गेला. नव्वद फूट लांबीचा काचेचा धागा त्याने असा काढला. गारेचे हे धागे आपल्या बारीकपणाच्या मानाने विलक्षण चिवट आहेत, हेही त्याच्या ध्यानात आले. पुढे अशाच धाग्याला सोन्याचे लहान गोळे टांगून त्याने गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला. विज्ञानाच्या इतिहासात असे धनुर्धर विरळाच.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८९३ साली, शिकागोचे ते प्रसिद्ध जागतिक प्रदर्शन भरले. आपल्याला ते आठवते ते त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे आणि तिथल्या स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे. त्याच प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काचेच्या कारखानदाराने एक अजब वस्त्र मांडले होते. काचेचे धागे रेशमाबरोबर विणून केलेला स्त्रियांचा पोशाख! जॉर्जिया केव्हन या नटीसाठी तो शिवला होता. स्पेनची राजकन्या युलालिया हिनेही तसाच एक करून घेतला. पोशाख झगमगत असे खरा, पण घडी घातली की त्याचे धागे तुटत. लोकांनी नवल केले आणि ते पुढच्या दालनाकडे वळले. काच ती काच, असाच निष्कर्ष पुन्हा निघाला.

हा निष्कर्ष ज्याने मोडून काढला तो माणूस कपड्यांच्या नव्हे, विमानांच्या धंद्यातला होता. ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ हा इंग्लंडमधील फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत काम करणारा तरुण इंजिनियर. विमानाचे भाग हिशेबाने जितका भार सोसायला हवेत त्याच्या कितीतरी आधीच का मोडतात, हा त्याच्यापुढचा प्रश्न. धातूवर प्रयोग करण्यापेक्षा काच बरी, असे त्याने ठरवले. कारण काच मोडते ती साध्या, सरळ रीतीने.

त्याने काचेचे जाड-बारीक धागे ओढले आणि एकेक ताणून तोडला. १९२० साली त्याने आपला निबंध वाचला. त्यातील आकडे आजही वाचणाऱ्याला चकित करतात. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा काचेचा धागा चौरस इंचाला २४,९०० पौंडांच्या ताणाने तुटला. धागे जसजसे बारीक होत गेले तसतसे त्यांचे बळ, त्याच मापाने, वाढत गेले. आणि मिलिमीटरच्या तीनशेव्या हिश्शाइतका बारीक धागा चौरस इंचाला ४,९१,००० पौंड सोसून मग तुटला. वीस पटींची तफावत! काच तीच, भट्टी तीच. मग हे बळ आले कुठून?

ग्रिफिथचे उत्तर असे, की बळ आले नाही; ते मुळातच होते. जाड काचेतून ते गेले होते. काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात. ताण पडला की तो चिरेच्या टोकाशी एकवटतो, दुकानदाराच्या कापडातल्यासारखा. चीर ठरावीक लांबीपलीकडे गेली की ती पुढे सरकण्यात काचेला कमी शक्ती खर्चावी लागते आणि अधिक शक्ती मोकळी होते. मग तिला थांबवणारे कोणी उरत नाही. बारीक धाग्याच्या अंगावर मोठ्या चिरेला जागाच नसते. म्हणून तो आपल्या मूळच्या बळाच्या बराच जवळ असतो. भट्टीतून नुकताच ओढलेला धागा तर फारच बळकट असतो. काही तास गेले, हवेचा दमटपणा लागला, कोणाचे बोट लागले, की तो उतरू लागतो.

म्हणजे काच जन्मतः दुबळी नाही. तिला ओरखडे पडलेले असतात.

वर्गात तीस-चाळीस मुले समोर बसलेली असताना मला हे वाक्य पुष्कळदा आठवते. ‘हा पोरगा मुळातच कच्चा’ असा शेरा मारणे फार सोपे असते. पण ते असो.

इतका मोठा शोध लावल्यावर ग्रिफिथला मोकळे रान मिळाले असेल, असे वाटते ना? घडले उलटेच. त्याच्या सहायकाकडून एका संध्याकाळी काच वितळवण्याची गॅसची ज्योत विझवायची राहिली आणि प्रयोगशाळेला आग लागली. चौकशी बसली. काचेवर वेळ दवडणे बंद करा, असा हुकूम सुटला आणि ग्रिफिथला दुसऱ्या कामावर धाडण्यात आले. जे. ई. गॉर्डन या पदार्थशास्त्रज्ञाने ही हकीकत आपल्या पुस्तकात मोठ्या मिस्किलपणे सांगितली आहे. ग्रिफिथ पुढे विमानांच्या इंजिनांकडे वळला आणि तिथेही त्याने नाव काढले. पण काचेच्या धाग्यात दडलेले बळ आणखी बारा वर्षे तसेच पडून राहिले.

ते बाहेर आले अपघाताने, आणि तेही अमेरिकेत. १९३२ साली ओहायो संस्थानात ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काम करत होता. काचेच्या दोन पोकळ विटा वितळलेल्या काचेने सांधायच्या, असा त्याचा उद्योग चालला होता. जोराच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि सांधा राहिला बाजूलाच. काचेचे केसांसारखे बारीक तंतू भुरभुर उडू लागले. स्लेटरने त्या कचऱ्याचे मोल ओळखले. हवेऐवजी वाफेचा झोत वापरून त्यांनी काचेची लोकर तयार केली. पुढे प्लॅटिनमच्या भांड्याच्या तळाला शेकडो छिद्रे पाडून अखंड धागेही ओढले जाऊ लागले. १९३८ साली या मालासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

पण नुसत्या धाग्यांचे करायचे काय? धागा ओढला तर बळकट, दाबला तर वाकणार. त्याला घट्ट धरून ठेवणारे काही हवे. ही युक्ती मात्र नवी नाही. घराची भिंत लिंपताना मातीत भुसा किंवा गवताच्या काड्या का घालतात? माती एकटी वाळली की तडकते. काड्या तिला धरून ठेवतात. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचा वाख मिसळलेला होता, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवून देण्यात आले. तेव्हा मातीच्या जागी प्लॅस्टिकसारखी घट्ट होणारी राळ घ्या आणि वाखाच्या जागी काचेचे धागे; ज्याला आपण बोलीभाषेत नुसते ‘फायबर’ म्हणतो, ते तयार झाले.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवर बसवायच्या टोपणांसाठी त्याचा उपयोग झाला, कारण रेडिओलहरी त्याच्यातून आरपार जातात. १९५३ साली शेव्हरोलेट कंपनीने कॉर्व्हेट नावाच्या मोटारीचे सारे अंग फायबरचे केले. १९५७ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँडमध्ये ‘भविष्यकाळचे घर’ म्हणून फायबरचे एक घर बांधण्यात आले. दहा वर्षांनी ते पाडायचे ठरले. काम एका दिवसाचे, असा अंदाज होता. पण इमारती पाडण्याचा अवजड लोखंडी गोळा त्या घरावर आपटून चेंडूसारखा परत येऊ लागला आणि पाडापाडीला दोन आठवडे लागले! शिकागोच्या झग्यातली घडी न सोसणारी काच ती हीच.

मात्र दुखणे संपले नव्हते; ते आत सरकले होते. धागा आणि राळ यांची गाठ जिथे पडते त्या सीमेवर आता खरी परीक्षा होती. भार राळेवर पडतो आणि तिच्यातून धाग्यावर जातो. दोघांची पकड सुटली की धागा कितीही बळकट असून उपयोग काय? पाणी तर काचेचे जुने वैरी. ते सीमेवरून आत झिरपे आणि पकड सैल करी. यावर सायलेन या द्रव्यांचा उपाय निघाला. सायलेनच्या रेणूचे एक टोक काचेला धरते, दुसरे राळेला. दोन अनोळखी घराण्यांची सोयरीक जुळवणारा जणू तो मध्यस्थच. १९५० नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेतील एडविन प्लूडेमान यांच्यासारख्या रसायनज्ञांनी या मध्यस्थांचे शास्त्रच बसवले. तेव्हापासून धागा भट्टीतून खाली येतो न येतो तोच, त्याला इतर धाग्याचा स्पर्श होण्याआधी, त्याच्या अंगावर हा पातळ लेप चढवला जातो. तान्ह्या मुलाला न्हाऊ घातल्याबरोबर दुपट्यात गुंडाळावे, तसेच हे.

तरीही लेपाखाली बारीक चिरा राहतातच. त्या शिवायच्या कशा? धागाच केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका बारीक. त्याच्या अंगावरची चीर शिवायला सुई किती बारीक हवी?

ती सुई काजळीच्या गोतावळ्यात सापडली. पणतीवर धरलेल्या ताटलीला जी काजळी लागते, तो कार्बन. पेन्सिलीतले शिसे म्हणतात, तोही कार्बन. जपानमधील त्सुकुबा येथे सुमिओ इजिमा हे शास्त्रज्ञ विजेच्या ठिणगीने कार्बनच्या कांड्या जाळून मागे उरलेला थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. १९९१ साली त्यांना त्यात एकात एक बसलेल्या कार्बनच्या नळ्या दिसल्या. याच नॅनोट्यूब. काचेच्या धाग्याच्याही साधारण हजारपट बारीक! खरे तर १९५२ साली रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोघा रशियन शास्त्रज्ञांनी अशा नळ्यांची छायाचित्रे छापली होती. पण ती रशियन भाषेतील नियतकालिकात, शीतयुद्धाच्या ऐन भरात. बाहेर ती वाचतो कोण? १९७६ साली मोरिनोबू एंडो यांनीही फ्रान्समध्ये काम करताना तसे तंतू पाहिले होते. शोधालाही मुहूर्त लागतो म्हणतात, ते खोटे नाही. २००० साली अमेरिकेत या नळ्या एकेक ताणून पाहण्यात आल्या. त्यांचे बाहेरचे कवच ११ ते ६३ गिगापास्कल ताण सोसून तुटले. उत्तम पोलादी तार दोन-तीन गिगापास्कलला तुटते, म्हणजे हे बळ किती याची कल्पना येईल.

इथे आपल्या मुलखाचा एक धागा या कथेत येऊन मिळतो. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत मुशीत गाळलेले पोलाद एके काळी दूरदेशी जात असे. आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम या गावी इराणचे व्यापारी त्यासाठी येत. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या, पाण्याच्या लहरींसारख्या नक्षीच्या तलवारी अशाच पोलादाच्या. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पीटर पाउफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील अशा एका तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवला, आणि त्यात त्यांना कार्बनच्या नळ्या आढळल्या. काही जाणकारांनी यावर शंकाही घेतल्या. पण निष्कर्ष खरा असेल तर आपले निनावी लोहार, आपण काय करतो आहोत हे न कळता, ही सुई हाताळून गेले होते.

नळ्या मिळाल्या; आता त्या धाग्यावर बसवायच्या कशा? धाग्यावरच त्या उगवाव्यात, अशी एक कल्पना निघाली. पण उगवायला सातशे अंशांच्या आसपासची आच लागते, आणि तेवढ्या आचेत काचेचा धागा आपले बळ गमावून बसतो. औषधाने रोग जावा आणि रोगीही जावा, त्यातली गत. दुसरा मार्ग लेपाचा. नळ्या पाण्यात किंवा राळेत मिसळायच्या आणि धागा त्यातून काढायचा. यातही अडचण आहेच. नळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात, पिठल्यात पिठाच्या गुठळ्या होतात तसे. गुठळी राहिली तर ती स्वतःच नवा दोष ठरते. म्हणून त्या नीट मोकळ्या करणे, हीच यातली मोठी कारागिरी.

२००९ साली हाँगकाँगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील किम जांग-क्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळ्या मिसळलेल्या राळेचा पातळ लेप काचेच्या धाग्यांना दिला आणि ते ताणून पाहिले. त्यांचे बळ वाढले. लेप चिरांत उतरतो, आणि चीर उघडू लागली की आडव्या पडलेल्या नळ्या तिच्या दोन्ही काठांना टाक्यांसारख्या धरून ठेवतात. ग्रिफिथने ज्या चिरा १९२० साली दाखवून दिल्या त्यांना नव्वद वर्षांनी असे टाके पडले.

याच सुमारास आणखी एक गुण दिसून आला. काच आणि राळ विजेला वाट देत नाहीत. कार्बनच्या नळ्या देतात. २००६ साली अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील एरिक थॉस्टेन्सन आणि त्सू-वेई चाऊ यांनी नळ्या मिसळलेल्या राळेच्या फायबरमधून वीज सोडली. आत कुठे चीर पडली की नळ्यांचे जाळे तिथे तुटते आणि विजेला होणारा अडथळा वाढतो. २०१० साली ड्रेस्डेनमध्येच एडिथ मेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका धाग्यावर नळ्यांचा लेप देऊन हेच साधले. डोळ्यांना दिसणार नाही असा ओरखडा आता आपली वर्दी आपणच देऊ शकतो.

याचे मोल कोणाला? साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची लांबच लांब पाती फिरताना पुष्कळांनी पाहिली असतील. अशी पाती मुख्यतः काचेच्या धाग्यांची असतात. वाऱ्यापावसात वर्षानुवर्षे त्यांना लाखो हिसके बसतात. कोकणच्या बंदरांत लाकडी होड्यांशेजारी फायबरच्या होड्या उभ्या असतात. ऐन समुद्रात होडीच्या तळातली चीर वाढली, तर होडीवरच्या माणसांचे काय? चिरेची वर्दी वेळेवर मिळणे हा तिथे प्रयोगशाळेतला प्रश्न उरत नाही.

पण सणाच्या दिवशीही एक इशारा दिल्यावाचून ही गोष्ट पुरी करणे बरे नव्हे. २००८ साली केन डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की लांब आणि ताठ नॅनोट्यूब शरीरात गेल्या तर ॲस्बेस्टॉससारखा दाह करतात. ॲस्बेस्टॉसचे पत्रे एके काळी आपल्याकडे छपराछपरावर चढले, आणि त्याच्या धुळीने माणसे जातात हे ध्यानात यायला फार उशीर झाला. राळेत घट्ट बसलेल्या नळ्यांचे भय कमी. पण त्या हाताळणाऱ्या कामगाराचे, फायबर घासणाऱ्या पोराचे काय? काचेच्या चिरा शिवताना माणसाच्या फुप्फुसाला ओरखडा पडता कामा नये. ही चौकशी आग लागल्यावर नव्हे, आधी व्हायला हवी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातली मुलगी नव्या बांगड्या भरून घेईल. कासार तिचा हात दाबून, वळवून, मोठ्या हळुवारपणे बांगडी चढवील. एखादी चढताना वाढवेल. आजी पटकन तो शब्द उच्चारून मोकळी होईल. तेव्हा बांगडीला नावे ठेवू नयेत. तिच्या अंगी बळ होतेच. कुठल्याशा एका न दिसणाऱ्या ओरखड्याने ते हिरावून नेले होते.